शेवटी उताऱ्यावर नाव कुणाचं? सक्तीचं भूसंपादन आणि खासगी पुनर्विकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यापासून ठाण्यात आमच्या आळीत आणि खाडीपलीकडे नवी मुंबईतल्या सोयऱ्यांकडे फिरून फिरून तेच प्रश्न येताहेत. कुणी जिन्यात गाठून विचारतं, कुणी मासळी बाजारात. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवतोय. आम्ही वकील नाही. नोटिसा वाचून वाचून शहाणे झालेले लोक आहोत. तुमच्या प्रकरणात वकिलाला विचाराच, पण विचारण्याआधी हे वाचा, म्हणजे त्याच्यासमोर नुसती मान डोलवत बसावं लागणार नाही.

तुम्ही पुनर्विकासाच्या विरोधात आहात का?

नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरातलं छताचं प्लास्टर ओट्यावर कोसळलं. कुकर चेपला, माणसं वाचली. इमारत पाडून नवी बांधायला हवी हे मला कुणी समजावायची गरज नाही.

मग विरोध नेमका कशाला?

बिल्डरला आमची जागा हवी असेल तर त्याने दारात यावं, त्याचा भाव सांगावा, आम्ही आमचा सांगू. जमलं तर जमलं. पण दारात यायच्या ऐवजी तो वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये जातो, तिथून एक 'योजना' खाली येते आणि जो नाही म्हणेल त्याची जागा संपादित होईल असं सांगितलं जातं. मग तो व्यवहार राहत नाही. सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार सरकारला दिलाय तो रस्ता, धरण, नाला, सरकारी दवाखाना यांसाठी. ती काठी एका कंपनीच्या हातात द्यायला आमचा विरोध आहे. बहुतेकदा ती मारावीही लागत नाही. कोपऱ्यात उभी दिसली तरी म्हातारी माणसं सही करून मोकळी होतात.

कुठलीही योजना समोर आली की आम्ही एकच विचारतो: सगळं आटोपल्यावर सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं चढणार? महापालिकेचं चढणार असेल तर बोलणी वेगळी. आमच्याच सोसायटीचं चढणार असेल तर फारच छान. तिसऱ्याच कुणाचं चढणार असेल तर 'सार्वजनिक हित' हा शब्द कागदावर कितीही वेळा आला तरी आम्ही तो पुन्हा वाचतो.

पण सरकारने मनात आणलं तर कुणाचीही जागा घेता येते ना?

असं सर्रास बोललं जातं, आणि ते अर्धंच खरं आहे. मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि कलम ३००-अ आलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. 'मूलभूत' हा शब्द गेला म्हणून हक्क गेला असं नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमात सात गोष्टी येतात असं सांगितलं: नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी मोबदला, कार्यक्षमतेने आणि ठरल्या वेळेत प्रक्रिया, आणि तिचा रीतसर शेवट. नुसता मोबदला देऊन टाकला की संपादन कायदेशीर झालं, असं होत नाही.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला. मूळ प्रकरण आपल्या शेजारच्या मुंबईचं. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या प्रकरण ८-अ नुसार ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर जुनी उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत मालकाकडून घेता येते, आणि मालकाला मोबदला किती? महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. पागडीच्या खोलीचं भाडं किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती', म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी वाटता येईल अशी संपत्ती, ठरत नाही. (काही जण हा निकाल दाखवून 'आता संपादनच बंद' म्हणतात. तसं नाही. प्रकरण ८-अ चं काय करायचं हा प्रश्न त्या पीठासमोर नव्हताच.)

'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे नक्की काय?

इथेच खरी मेख आहे. इंग्रजांचा १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये प्रयोजनांची यादी आहे: संरक्षण, पायाभूत सुविधा, विस्थापितांचं पुनर्वसन वगैरे. पायाभूत सुविधांमधून खासगी रुग्णालयं, खासगी शिक्षणसंस्था आणि खासगी हॉटेलं स्पष्टपणे वगळलेली आहेत. इथवर वाचून बरं वाटतं. मग एक ओळ येते: गावठाणाचा किंवा शहरी भागातल्या कोणत्याही जागेचा नियोजित विकास अथवा सुधारणा. 'कोणत्याही जागेचा'! या दारातून हत्ती जाईल. म्हणून नोटीस आली की आधी बघा, प्रयोजन कोणत्या शब्दांत लिहिलंय. 'नियोजित विकास' एवढंच असेल तर विकास कोण करणार, विक्रीचे फ्लॅट किती, ते कोण विकणार आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे चार प्रश्न लेखी टाका.

८० टक्के संमती लागते म्हणतात, ते खरं का?

खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती, आणि सरकार-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. खरं आहे. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि सामाजिक परिणाम अभ्यास (संपादनाने लोकांचं काय होईल याची आधी तपासणी) यांतून सूट देता येईल अशी सोय केली. परवडणारी घरं हा त्यातला एक प्रकार. त्यामुळे फलकावर 'परवडणारी घरे' वाचलं की आमचे कान टवकारतात.

आमच्या सोसायटीत ५१ टक्क्यांवर पुनर्विकास ठरला. हे संपादनच झालं की?

नाही, आणि ही गल्लत करू नका. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांनुसार (आधी २००९, मग ४ जुलै २०१९) सोसायटी सर्वसाधारण सभेत निर्णय घेते. तिथे ठरवणारे आणि ज्यांच्यासाठी ठरतं ते एकच लोक असतात. भांडणं होतात, चेअरमनवर नको ते आरोप होतात, पण जमीन सोसायटीची सोसायटीकडेच राहते. आमच्या कसोटीला हे उतरतं.

एकच जण अडून बसला तर चाळीस कुटुंबांनी पावसात मरायचं का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून सरळ उत्तर देतो. एकाच इमारतीत, सगळ्यांना सारखाच करार मिळत असताना, एकाने जादा पार्किंगसाठी सही अडवून धरली असेल तर आम्ही त्याच्या बाजूने नाही. न्यायालयंही सहसा नसतात. बहुमतावर काम पुढे जातं, आणि त्यासाठी भूसंपादनाची गरजच पडत नाही.

पण आमच्याकडे जे घडतं ते असं नसतं. धोकादायक इमारती सहा, त्यांच्यामध्ये एक धडधाकट बैठं घर, त्याच्या मागे फणसाचं झाड आणि सामाईक विहीर. योजनेला ठरावीक क्षेत्रफळ भरायला हवं, म्हणून ते घर नकाशात ओढलं जातं. त्याच्या मालकाने कुणाचं काही अडवलेलं नसतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं. सादरीकरणाच्या दिवशी काचेखाली टॉवरची प्रतिकृती ठेवली होती, कापसाची झाडं, बोटाएवढ्या गाड्या. त्या घरातल्या आजी काचेवर नाक टेकवून बराच वेळ बघत राहिल्या आणि सूटबूटवाल्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, विहीर कुठं आहे यात?" त्याने स्विमिंग पूल दाखवला.

ठाण्याच्या क्लस्टर योजनेबद्दल (अनेक इमारती एकत्र घेऊन आख्ख्या पट्ट्याचा पुनर्विकास) तुमचं मत काय?

तिचं मूळ विसरू नका. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यानंतर क्लस्टरची मागणी जोर धरत गेली. किसननगर, वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत एकदा फिरून आलात तर कळेल, दोन इमारतींच्या मध्ये हातगाडी शिरत नाही. अग्निशमनचा बंब दूरच. तिथे एकेक इमारत सुटी पाडून काही साधत नाही हे आम्हालाही मान्य आहे.

पण जो न्याय किसननगरला, तोच कोळीवाड्याला लावला जातो तेव्हा आम्ही उठून उभे राहतो. ठाण्यातल्या गावठाणांनी आणि कोळीवाड्यांनी क्लस्टरला विरोध केला तो याचमुळे. अंगणात जाळी वाळत घालणाऱ्याला सतराव्या मजल्यावर गॅलरी देऊन त्याचं पुनर्वसन होत नाही. तुमचं घर आराखड्यात आहे का, न येणाऱ्यांच्या जमिनीचं काय करायचं असं नियमात लिहिलंय, आणि करार नक्की कुणाशी होणार, या तीन गोष्टी कागदावर बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका.

इमारत 'सी-१' (अतिधोकादायक) ठरवून रिकामी करायला लावली. आता जागा गेली का?

नाही. पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारती रिकाम्या करते, तो जीव वाचवण्याचा अधिकार आहे, मालकी काढून घेण्याचा नाही. घर रिकामं करताना ताब्याची नोंद, क्षेत्रफळाचा दाखला आणि रहिवाशांची यादी हातात घ्या, मगच ट्रक बोलवा. आणि स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलं, कुणाच्या पैशाने केलं, हे जरूर विचारा.

आमच्या जमिनीवर झोपड्या आहेत. ती झोपडपट्टी पुनर्वसन योजनेसाठी घेता येते का?

१९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम १४ खाली घेता येते, आणि मूळ कायद्यातला मोबदल्याचा हिशोब बघाल तर चक्कर येईल: बाजारभाव नाही, तर जमिनीच्या सरासरी निव्वळ मासिक उत्पन्नाच्या साठपट. झोपडीखालच्या जमिनीचं उत्पन्न किती असणार! मात्र २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पुनर्विकासाचा पहिला हक्क जमीनमालकाचा आहे, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने त्याला आधी रीतसर विचारलं पाहिजे, आणि ते न करता केलेलं संपादन टिकत नाही. मालक असाल तर प्रस्ताव वेळेत द्या, नुसतं 'बघू' म्हणून बसू नका. झोपडीधारक असाल तर हे लक्षात असू द्या की मालकाचा हक्क मान्य झाला म्हणून तुमचा पुनर्वसनाचा हक्क संपत नाही. दोघांना एकमेकांवर सोडून देणं कुणाच्या फायद्याचं असतं, ते वेगळं सांगायला नको.

नवी मुंबई तर आख्खीच संपादनातून उभी राहिली. मग आता बोंब कशाला?

त्यामुळेच. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला. ठाणे-रायगडमधली ९५ गावं नव्या शहराच्या हद्दीत आली. आमच्या आत्याचं सासर त्यातलंच एक. भातखाचरं, मिठागरं गेली, मोबदल्याचे पैसे घराच्या कौलांत आणि दोन लग्नांत संपले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांनी जीव गमावला. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे जेवढी जमीन गेली त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. बोलायला साडेबारा. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार कापून हातात येतात पावणेनऊ. तेवढ्यासाठीसुद्धा आत्याच्या दिरांनी बेलापूरच्या ऑफिसात इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई त्यांना चहा विचारायचा.

आणि घेतलेल्या जमिनीचं पुढे काय झालं? बरीचशी शहरात गेली, रस्ते, शाळा, स्टेशनं झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कितीतरी भूखंड टेंडर काढून बिल्डरांना लीजवर दिले गेले. वाशी-नेरुळमध्ये फ्लॅट घेतलेल्यांनाही जमीन मिळालेली नाही, साठ वर्षांची लीज मिळालेली आहे. तिथले लोक आमचा प्रश्न पटकन ओळखतात.

अशी लढाई जिंकल्याचं एखादं तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि लांब जायला नको. पेण-उरण-पनवेल पट्ट्यात रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) सरकारने भूसंपादन सुरू केलं होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी एवढा जोर लावला की २१ सप्टेंबर २००८ ला जिल्हा प्रशासनाला २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. बहुसंख्यांनी विरोधात कौल दिला आणि ते संपादन पुढे गेलं नाही. जमीन द्यायची की नाही हे सरकारने शेतकऱ्याला विचारावं, हे आपल्याकडे किती दुर्मिळ आहे याचा विचार करा.

२०११ मध्ये ग्रेटर नोएडाजवळच्या शाहबेरी गावची १५६ हेक्टर जमीन सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना परत दिली. ती उद्योगासाठी म्हणून घेतली आणि बिल्डरांना दिली होती. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचं, टाटांच्या मोटार कारखान्यासाठी केलेलं ९९७ एकरांचं संपादन रद्द झालं, पण तोवर कारखाना केव्हाच गुजरातला गेला होता आणि शेतात काँक्रीट होतं.

हरल्याचंही एक सांगतो, कारण त्यातून जास्त शिकायला मिळतं. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या शहराने सुझेट केलो या बाईचं घर शेजारपाजारच्या घरांसकट खासगी विकासासाठी घ्यायचं ठरवलं. २००५ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने गेलं: रोजगार वाढेल, कर वाढेल, हेच सार्वजनिक हित. ज्या औषध कंपनीच्या आधारावर सगळी गणितं मांडली होती ती काही वर्षांत शहरातून निघून गेली आणि ती जागा कित्येक वर्षं गवत वाढून पडून होती. लोक एवढे भडकले की चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे बदलले.

घेतलेली जमीन पडून राहिली किंवा दुसऱ्यालाच विकली तर?

२०१३ च्या कायद्यात याची तीन कलमं आहेत आणि ती फार कमी जणांना माहीत असतात. कलम ९९: ज्या कामासाठी घेतली ते मनमानीपणे बदलता येत नाही. कलम १०१: पाच वर्षं वापरली नाही तर मूळ मालकाला परत, किंवा सरकारच्या भूमी बँकेत. (या 'किंवा'ने बराच घात केलाय.) कलम १०२: काहीच विकास न करता जमीन पुढे विकली तर वाढलेल्या किमतीच्या ४० टक्के रक्कम मूळ मालकांत वाटायची. ही कलमं लागतात ती या कायद्याखालच्या संपादनाला, हे मात्र ध्यानात ठेवा.

मोबदला भरपूर मिळत असेल तरी विरोध का?

तुम्हाला परवडत असेल तर खुशाल घ्या, आम्ही कुणाचा हात धरत नाही. हिशोब मात्र समजून घ्या. बाजारमूल्य, त्यावर शहरात एकपट आणि ग्रामीण भागात दोनपटीपर्यंत गुणक, आणि त्या रकमेइतकंच दिलासा म्हणून आणखी. ऐकायला भारी. पण बाजारमूल्य काढतात रेडीरेकनरवरून (सरकारी दरपत्रकावरून) किंवा आसपासच्या तीन वर्षांतल्या नोंदवलेल्या खरेदीखतांवरून, दोन्हीपैकी जास्त असेल ते. आपणच स्टॅम्प ड्युटी वाचवायला खतात किंमत कमी लिहिली, बाकीचे पिशवीतून दिले. आता तीच कमी किंमत आपल्या गळ्यात. हे आमच्या एका शेजाऱ्याला भूसंपादन अधिकाऱ्याने त्याच्याच भावाचं खरेदीखत दाखवून समजावलं. बिचारा काय बोलणार?

मी भाडेकरू आहे. माझा काही संबंध?

आहे. शहरी भागात तीन वर्षं किंवा जास्त त्या जागेवर राहणारं, किंवा ज्याची रोजीरोटी त्या जागेवर अवलंबून आहे असं कुटुंबही 'बाधित कुटुंब' ठरतं. वीजबिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जे आहे ते जपा.

नोटीस आली. पहिल्यांदा काय करू?

तिचा फोटो काढा, जिथे चिकटवली असेल तिथेच, आणि तारीख लिहून ठेवा. आमच्याकडे ती मीटर बॉक्सवर चिकटवली होती, पावसात शाई ओघळली आणि वाचता आलं तेव्हा वीस दिवस उलटले होते. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना असेल तर कलम १५ खाली ६० दिवसांत हरकत घेता येते. हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दांत, स्वतंत्र लिहा. शंभर झेरॉक्सवर शंभर सह्या केल्या की शंभर हरकतींचं उत्तर एका ओळीत देतात. सुनावणी मागा, तसं हरकतीतच लिहा, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्ट.

सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: संपादनाचा प्रस्ताव कुणी पाठवला, सामाजिक परिणाम अभ्यास झाला का, झाला नसेल तर सूट कोणत्या आदेशाने, संमतीच्या सह्यांची यादी. या यादीत आम्हाला एकदा २००९ साली वारलेल्या काकांची सही सापडली होती. छान वळणदार होती.

निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झाला आणि रक्कम पटली नाही तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी संदर्भ, म्हणजे प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवणं, मागता येतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहून उचला.

दारावर लाल रंगाने नंबर घालून गेलेत. म्हणजे झालंच का?

काहीही झालेलं नाही. आमच्या चौकटीवर दिवाळीत काढलेल्या वेलबुट्टीवरच एका पोराने ११४ घातला. ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, "सर्व्हे आहे काका, सगळीकडेच आहे." कुणाचा सर्व्हे हे त्यालाही ठाऊक नव्हतं, रोजावर आला होता. ओळखपत्र आणि आदेशाची प्रत बघितल्याशिवाय माप घेऊ देऊ नका. आदेश असेल तर अडवूही नका. चुकीचं माप लागलं तर नुकसान आपलंच.

संमतीपत्रावर सही करून बसलो. आता?

ज्याला दिली त्याला आणि संबंधित कार्यालयाला आजच लेखी कळवा की संमती मागे घेतोय, आणि का. कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर तसं लिहा. त्याचा उपयोग किती होईल हे प्रकरणागणिक बदलतं, पण न लिहिलेल्याचा उपयोग कधीच होत नाही.

तुम्ही कुठल्या पक्षाचे? की दुसऱ्या बिल्डरचे?

दोन्ही विचारून झालंय. चहा आमचा आम्हीच आणतो.

सभेला येताना काय आणू?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफाराची प्रत, असेल ती नोटीस. उतारा ऑनलाइन काढलेला चालेल, फक्त ताजा असू द्या, जुन्या उताऱ्यावर आजोबांचंच नाव असतं आणि वारसनोंद राहून गेलेली असते. ती आधी तलाठ्याकडे करून घ्या, कारण नोटीस उताऱ्यावरच्या नावाने निघते. आणि चष्मा आणा. मागच्या सभेत तिघांनी एकच चष्मा फिरवत नोटीस वाचली, तेव्हा कळलं की सर्व्हे नंबर आमचा होता आणि हिस्सा नंबर शेजाऱ्याचा.